ॲम्प बदलायचा की स्पीकर?

घरची गाण्याची सिस्टिम बदलायला माणूस दुकानात गेला, की पहिली चौकशी वॉटची होते. आता किती वॉटचा ॲम्प आहे? पन्नासचा? मग शंभरचा घ्या, फरक कळेल. पैसे जातात, नवा डबा घरी येतो, आठवडाभर उत्साह टिकतो आणि मग आवाज पूर्वीसारखाच वाटायला लागतो. असं होण्यामागे साधं विज्ञान आहे आणि ते समजून घेतलं तर बराच खर्च वाचतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या सिस्टिमवर पैसे घालायचे असतील, तर आधी स्पीकरची जागा बदलून पाहावी, मग स्पीकर बदलावेत आणि ॲम्प्लिफायरला शेवटी हात लावावा. ॲम्प आधी बदलण्याची गरज मोजक्या प्रसंगी पडते आणि ते प्रसंग ओळखता येतात.

वॉटचं वेड आपल्याकडे जुनं आहे. १९९०च्या दशकात टू-इन-वनवर आणि म्युझिक सिस्टिमवर ‘पीएमपीओ’ नावाचा आकडा ठळक छापलेला असायचा. हजार वॉट, दोन हजार वॉट. हा आकडा क्षणभराच्या कमाल शक्तीचा म्हणून सांगत, पण तो कसा मोजायचा याची सर्वमान्य पद्धतच नव्हती. तीच सिस्टिम सलग वाजवली तर एका चॅनलला दहा-वीस वॉट मिळायची मारामार. अमेरिकेतही एकेकाळी असाच गोंधळ होता. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम केला, की शक्तीचा आकडा जाहिरातीत द्यायचा तर ती सलग देता येणारी शक्ती हवी आणि ती किती ओहमच्या भारावर, कोणत्या कंपनसंख्यांच्या टप्प्यात, किती विकृतीसह मिळते हेही सांगायला हवं. आपण बोलताना ज्याला ‘आरएमएस वॉट’ म्हणतो, तो अशा प्रामाणिक मोजमापाचा आकडा.

पण खरे वॉट हातात आले तरी कानाचं गणित वेगळंच असतं. शक्ती दुप्पट केली की आवाजाची पातळी ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला मात्र १० डेसिबल वाढ लागते, म्हणजे शक्ती दहापट करावी लागते. पन्नास वॉटचा ॲम्प काढून शंभरचा आणला तर पदरात पडतात फक्त ३ डेसिबल. दुप्पट मोठा आवाज हवा असेल तर पाचशे वॉट लागतील.

उलट बाजूने पाहू. स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘सेन्सिटिव्हिटी’ नावाचा एक आकडा असतो. एक वॉट दिला असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. घरगुती स्पीकरमध्ये तो साधारण ८४ ते ९२ च्या दरम्यान असतो. समजा ८७ चे दोन स्पीकर आहेत आणि आपण तीन मीटरवर बसलो आहोत. अंतरामुळे काही डेसिबल कमी होतात, दुसरा स्पीकर आणि खोलीच्या भिंती त्यातले काही परत देतात. ढोबळमानाने एका वॉटला आपल्या खुर्चीत ८० डेसिबल पडतात, म्हणजे निवांत ऐकायला पुरेसा आवाज. रोजच्या ऐकण्यात आपण एक-दोन वॉटच वापरत असतो. उरलेले वॉट लागतात ते तबल्याच्या खणखणीत थापेसाठी, झांजेसाठी, वाद्यवृंदाच्या एकदम उसळणाऱ्या सुरासाठी. दहा वॉटला ९०, शंभर वॉटला १००. आता याच ॲम्पला ८७ ऐवजी ९० चे स्पीकर लावले, तर ॲम्प न बदलता वॉट दुप्पट केल्याइतका फायदा होतो. दुकानातल्या वॉटच्या चर्चेत हा आकडा क्वचितच निघतो, तो आपण होऊन विचारावा. त्यातही एक खोच आहे. बऱ्याच कंपन्या एक वॉट न देता २.८३ व्होल्ट देऊन मोजतात. ८ ओहमच्या स्पीकरला तो बरोबर एक वॉट होतो, पण ४ ओहमच्या स्पीकरला दोन वॉट होतात आणि आकडा ३ डेसिबलने फुगतो.

स्पीकरवर लिहिलेले ‘१०० वॉट’ हा आणखी एक गैरसमज. तो स्पीकर शंभर वॉट मागतो असा त्याचा अर्थ नाही, तो तेवढे सोसतो एवढाच आहे. वीस वॉटच्या चांगल्या ॲम्पवर तो वर्षानुवर्षं सुखाने वाजेल.

आता जोडीकडे येऊ. ॲम्प आणि स्पीकर या दोन स्वतंत्र वस्तू म्हणून विकल्या जातात, पण वाजताना त्यांचं एकच विद्युतमंडल झालेलं असतं. ॲम्प व्होल्टेज पुरवतो, करंट किती ओढायचा ते स्पीकर ठरवतो. घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगमधून किती करंट जाईल हे गीझर ठरवतो, प्लग ठरवत नाही, तसंच हे. आणि स्पीकरचं ओढणं सुरागणिक बदलतं. मागे ‘८ ओहम’ लिहिलेला स्पीकर मल्टिमीटरने तपासला तर मीटरवर साधारण ६ दिसतात, कारण मीटर फक्त व्हॉइस कॉइलच्या तांब्याचा रोध मोजतो. गाणं सुरू झालं की या रोधात कॉइलची आणि कोनच्या हालचालीची भर पडते, त्याला इम्पीडन्स म्हणतात. वूफर ज्या खर्जाच्या सुराला स्वतःहून झुलतो, तिथे हा इम्पीडन्स तीस ओहमच्याही वर जाऊ शकतो आणि वरच्या सप्तकात कुठे तरी पुन्हा सहावर येतो. आठ हा आकडा केवळ नाममात्र. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार इम्पीडन्स नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमवाल्याने ६.४ च्या खाली उतरू नये. बाजारातले सगळेच स्पीकर ही मर्यादा पाळतात असं नाही.

म्हणूनच ‘हा ॲम्प चांगला का?’ या प्रश्नाला ‘कोणत्या स्पीकरवर?’ हा प्रतिप्रश्न करावाच लागतो. तो उद्भवला कसा, ते इतिहासात दिसतं. व्हॉल्व्हच्या काळात ॲम्प दहा-पंधरा वॉटचे असत, त्यामुळे स्पीकर मोठे आणि संवेदनशील असावे लागत. अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यात पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये कोपऱ्यात बसवायचा भोंग्याचा स्पीकर, क्लिप्शहॉर्न, बाजारात आणला. त्याची सेन्सिटिव्हिटी शंभराच्या पुढे. एका वॉटवर घर दणाणून जाईल, पण आकार कपाटाएवढा. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि पूर्ण बंद पेटीतल्या हवेचीच स्प्रिंग करून वूफर चालवला. फळीवर मावणाऱ्या पेटीतून खोल खर्ज मिळू लागला. त्याची किंमत सेन्सिटिव्हिटीत चुकवावी लागली. लहान पेटी, खोल खर्ज आणि जास्त सेन्सिटिव्हिटी यांपैकी कोणत्याही दोनच गोष्टी एकत्र मिळतात, हा स्पीकर बनवणाऱ्यांचा नियम जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो. आजच्या फ्लॅटमधले सगळे लहान स्पीकर या नियमाच्या कचाट्यात आहेत. पेट्या लहान होत गेल्या तशी जास्त वॉटची गरज वाढली आणि ती ट्रान्झिस्टरने भागवली.

बीबीसीने आपल्या बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी १९७०च्या दशकात बनवलेला एलएस३/५ए हा छोटा स्पीकर या तडजोडीचा उत्तम नमुना आहे. मानवी आवाज इतका खरा देणारे स्पीकर कमी, म्हणून आजही रसिक त्याच्यासाठी जीव टाकतात. पण त्याची सेन्सिटिव्हिटी ८३ च्या आसपास आणि मूळ आवृत्तीचा इम्पीडन्स १५ ओहम. आठ ओहमवर पन्नास वॉट देणारा ट्रान्झिस्टर ॲम्प याच्यावर त्याच्या साधारण निम्मेच वॉट देऊ शकतो, कारण करंट ओढलाच जात नाही. ॲम्पला त्रास काही नाही, फक्त मोठ्या दिवाणखान्यात आवाज तोकडा पडतो. उलट ४ ओहमचा स्पीकर तोच ॲम्प तापवतो. एनएडी कंपनीचा ३०२० हा सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आलेला ॲम्प कागदावर अवघा २० वॉटचा, पण त्याची करंट देण्याची क्षमता आकड्याच्या मानाने मोठी होती. कमी ओहमच्या हट्टी स्पीकरवर तो त्याच्या दुप्पट आकडा मिरवणाऱ्यांना भारी पडायचा आणि त्या किमतीत तो गाजला तो याच गुणावर.

तर ॲम्प बदलल्याने आवाज खरोखर बदलतो कधी?

एक प्रसंग आत्ताच आला, इम्पीडन्स कमी आणि ॲम्पची करंट देण्याची ताकद अपुरी. दुसरा प्रसंग, ॲम्प त्याच्या मर्यादेपलीकडे ताणला जाणं. पॉवर सप्लायच्या व्होल्टेजपेक्षा उंच लहर मागितली की ॲम्प तिचा माथा सपाट छाटतो, त्याला क्लिपिंग म्हणतात. आवाज कर्कश होतो आणि छाटलेल्या लहरीतली वरच्या सुरांची शक्ती वाढून ट्वीटरच्या केसासारख्या बारीक कॉइलवर पडते. वाढदिवसाच्या पार्टीत बटण शेवटपर्यंत फिरवल्यावर जळतो तो बहुतेक ट्वीटरच. लहान ॲम्प आपल्या मर्यादेत वाजत असेल तोवर मात्र स्पीकरला कसलाही धोका नसतो.

तिसरा प्रसंग सर्वांत रंजक आहे. प्रत्येक ॲम्पला स्वतःचा एक आतला इम्पीडन्स असतो. चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये तो ओहमचा शंभरावा-विसावा भाग, तर व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये एक, दोन, कधी तीन ओहमसुद्धा. दोन ओहम धरू. स्पीकर सहा ओहमवर असताना ॲम्पच्या व्होल्टेजपैकी तीनचतुर्थांश त्याला मिळतो, तीस ओहमवर असताना सुमारे ९४ टक्के. म्हणजे जिथे इम्पीडन्सचा उंचवटा, तिथे आवाजही जवळजवळ २ डेसिबलने वर. ट्रान्झिस्टर ॲम्पवर हाच फरक डेसिबलच्या दहाव्या भागाहूनही कमी राहतो. व्हॉल्व्हच्या आवाजातली ती ऊब, तो भरलेला खर्ज यांतला मोठा वाटा या साध्या भागाकाराचा आहे. स्पीकर बदलला की उंचवटे बदलतात आणि तोच व्हॉल्व्ह ॲम्प वेगळा वाजतो.

बॉब कार्व्हर या अमेरिकी अभियंत्याने १९८५ मध्ये हे प्रात्यक्षिकासह दाखवलं. ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांनी निवडलेल्या एका महागड्या व्हॉल्व्ह ॲम्पचा आवाज आपल्या कितीतरी स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्पमधून हुबेहूब काढून देतो, असं आव्हान त्याने स्वीकारलं. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. दोन्ही ॲम्पना एकच गाणं द्यायचं आणि त्यांच्या बाहेर येणाऱ्या दोन सिग्नलमधला फरक तेवढा वेगळा काढून ऐकायचा. जे ऐकू येईल, तो त्या दोघांच्या स्वभावातला फरक. मग आपल्या ॲम्पमध्ये इथे एखादा रोध, तिथे एखादा कपॅसिटर बदलत तो फरक जवळजवळ नाहीसा होईपर्यंत खपायचं. दोन-अडीच दिवसांत त्याने तो मूळ सिग्नलच्या ७० डेसिबल खाली नेला आणि मासिकाच्या कानसेनांना दोन्ही ॲम्प वेगळे ओळखता आले नाहीत. मर्यादेत वाजणाऱ्या दोन उत्तम ॲम्पमधला फरक हा असा मोजता येणारा आणि हातात धरता येणारा असतो.

स्पीकरचं तसं नाही. दोन स्पीकरमध्ये कित्येक डेसिबलचे चढउतार असतात, ते खोलीत आवाज कोणत्या दिशांना किती फेकतात हेही वेगळं असतं आणि त्यात खोली मिसळते. ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि पुढे हार्मन कंपनीत फ्लॉइड टूल यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं. स्पीकर पडद्याआड ठेवून लोकांना पसंती विचारली, तर समोरून सपाट आणि बाजूंनाही सुरळीत आवाज देणाऱ्या स्पीकरवर बहुतेकांचं एकमत होतं, असं त्यांना आढळलं. १९९४ मध्ये टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हार्मनच्याच ४० कर्मचाऱ्यांना तेच स्पीकर एकदा डोळ्यांसमोर ठेवून आणि एकदा पडद्याआडून ऐकवले. दिसत असताना मोठ्या, महागड्या स्पीकरना गुण जास्त पडले आणि लहान स्वस्त स्पीकरचे गुण घसरले. पडदा असताना चित्र पालटलं. आवाजाच्या धंद्यातल्या माणसांचेही कान डोळ्यांच्या मागे गेले. पुढे हार्मनने एक यंत्रणा उभारली, तिच्यात पडद्यामागचे स्पीकर काही सेकंदांत सरकून नेमके त्याच जागी येतात. कारण जागा बदलली की आवाज बदलतो, मग तुलना स्पीकरची होत नाही, जागेची होते.

ही जागेची गोष्ट आपल्या घरांत फारच जाणवते. दहा बाय बाराची खोली, खाली लाद्या, चारी बाजूंना सिमेंटच्या भिंती, एका अंगाला सरकत्या काचा. बारा फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतो, दहा फुटांत ५६ च्या आसपास. स्पीकर कोपऱ्यात कोंबला की हे सूर आणखी फुगतात. मग डग्ग्याची मींड ऐकू येण्याऐवजी नुसती घूं ऐकू येते आणि दोष वूफरवर जातो. स्पीकर भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढा, कानाच्या उंचीला आणा, दोन स्पीकरमधलं अंतर आणि त्यांचं आपल्यापासूनचं अंतर जवळपास सारखं ठेवा. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर भिंतींमध्ये थरथरणारा झणकार ऐकू आला, तर आधी सतरंजी, जाड पडदा, पुस्तकांचं उघडं कपाट यांचा विचार करा. यातल्या कोणत्याही एका बदलाने पडणारा फरक नव्या ॲम्पने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो.

एवढं करूनही बदल करायचा ठरला, तर प्रत्यक्ष कामात काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. सगळी उपकरणं बंद करून प्लग काढून ठेवा, ॲम्पच्या आतले कपॅसिटर रिकामे व्हायला थोडा वेळ द्या. वायर साधी बाजारातली चालते. अडीच स्क्वेअर एमएमच्या पाच मीटर लांब तांब्याच्या वायरीचा जाऊन-येऊन रोध ०.०८ ओहमच्या आसपास भरतो. अर्ध्या स्क्वेअर एमएमची बारीक वायर घेतली तर तोच ०.४ होतो आणि ८ ओहमच्या स्पीकरला ती मर्यादा आहे. यापलीकडच्या महागड्या वायरींवर पैसे घालू नयेत, असं मी कोणालाही सांगेन. टोकं सोलल्यावर तारा घट्ट पिळून घ्या. टर्मिनलच्या बाहेर राहिलेली एखादी केसाएवढी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली की शॉर्ट होतो आणि ॲम्पचे आउटपुट ट्रान्झिस्टर क्षणात जातात.

लाल-काळ्याची खात्री करा. एका बाजूचं उलटं लागलं तर एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो, खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो आणि मधोमध उभा वाटणारा गायक खोलीभर पसरतो. जुन्या स्पीकरच्या खुणा पुसल्या असतील, तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल टर्मिनलला क्षणभर टेकवून पाहा. वूफर बाहेर सरकला तर सेलच्या धन टोकाकडचं टर्मिनल लाल.

दोन ॲम्प आलटूनपालटून ऐकायचे म्हणून दोघांच्या वायरी एकाच स्पीकरला एकत्र जोडणं हे सर्वांत घातक. एक ॲम्प दुसऱ्याच्या आउटपुटमध्ये करंट ढकलतो आणि दोन्ही मरतात. त्यासाठी स्विचबॉक्स मिळतो, पण तो लाल आणि काळं दोन्ही तोडणारा घ्या. आजच्या कित्येक छोट्या डिजिटल ॲम्पमध्ये काळं टर्मिनल अर्थला जोडलेलं नसतं, तेही जिवंत असतं. व्हॉल्व्ह ॲम्प असेल तर त्याचा स्पीकर वाजताना कधीच सोडवू नये. भार नसताना त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि ट्रान्सफॉर्मर जायबंदी होतो.

तुलना करताना दोन्हींची पातळी समान हवी. अर्ध्या-पाऊण डेसिबलचा फरक मोठा आवाज म्हणून कळत नाही, तो ‘जास्त मोकळा, जास्त स्पष्ट’ म्हणून कळतो आणि जो किंचित मोठा वाजतो तोच जिंकतो. शंभर हर्ट्झचा सलग सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजा. एका ॲम्पवर २.८३ असेल तर दुसराही ०.०३ च्या आत आणा, म्हणजे पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळते. मग नेहमीचं ध्वनिमुद्रण लावा. तानपुरा आणि डग्गा असलेलं ख्यालाचं ध्वनिमुद्रण यासाठी फार उपयोगी पडतं, कारण त्या दोन वाद्यांत खर्ज आणि वरचे स्वरांश दोन्ही उघडे पडतात.

जुना माल घेताना ॲम्पच्या आउटपुटवर डीसी व्होल्टेज मोजून पाहावं. काही मिलिव्होल्ट ठीक, पन्नासच्या वर गेलं तर मिस्त्रीला दाखवावं, कारण तो डीसी थेट वूफरच्या कॉइलमध्ये उष्णता होऊन बसतो. स्पीकरच्या कोनभोवतीची कड बोटाने हलकेच दाबून बघावी. रबराची असेल तर टिकते, फोमची असेल तर दहा-पंधरा वर्षांत भुकटी होऊ लागते आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती अधिकच लवकर जाते. कोन आणि कॉइल धड असतील तर नुसती कड बदलून तो वूफर पुन्हा उभा राहतो. अमेरिकेहून नातेवाईक आणणार असतील तर स्पीकर खुशाल मागवावेत, त्यांना विजेच्या दाबाशी देणंघेणं नाही. ॲम्पचं मात्र मागच्या बाजूचं लेबल आधी वाचायला सांगावं. तिथला ॲम्प १२० व्होल्टचा, जपानमधला १०० चा असतो आणि २३० चा पर्याय नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतल्याशिवाय तो इथल्या प्लगला लावता येत नाही.

आणि नवं आलं म्हणून जुनं लगेच विकू नये. कान नव्या आवाजाला चार-सहा आठवड्यांत सरावतात. त्यानंतर एके दिवशी, पातळी जुळवून, जुनी जोडी पुन्हा लावावी आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी स्विचपाशी बसवून, काय वाजतंय ते न बघता ऐकावं. फरक पडला असेल तर तो तेव्हा नेमका कुठे आहे, खर्जात की गळ्यात की झांजेत, हे बोट ठेवून सांगता येतं. सांगता आलं नाही, तर विकायला नवीन डबा काढावा, त्याला किंमत जास्त येते.